खांबावर कोण बसलंय?

बाबांकडे सोळा वर्षं एकच दुर्बीण आहे. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झाले तेव्हा बरोबरच्या लोकांनी वर्गणी काढून दिलेली, आठ बाय बेचाळीसची, पट्टा दोनदा बदललाय आणि एका बाजूचं रबर निघालंय तिथे बाबांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. तिच्याबरोबर वह्या. शंभर पानी, आखीव, तारीख, ठिकाण, पक्षी, किती दिसले. ओळखू आला नाही तर नावाच्या जागी प्रश्नचिन्ह आणि पुढे बारीक अक्षरात, "पाय पिवळट, चोच सरळ, शेपटी हलवत होता".

दिवाळीआधी त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नजर स्वच्छ आली, पण हात आता पूर्वीसारखे स्थिर राहत नाहीत. दुर्बीण डोळ्याला लावली की पक्षी त्या गोलात नुसता थरथरत राहतो. "दिसतंय गं, पण ठरत नाही," असं म्हणाले एकदा आणि दुर्बीण खाली ठेवली. त्या रात्री मी त्यांची वही चाळत बसले होते, सहज म्हणून, आणि लक्षात आलं की गेल्या वर्षभरात पानापानावर प्रश्नचिन्हं वाढलीत. आधी महिन्यात एखादं असायचं. आता एकेका पानावर तीन तीन. मी बराच वेळ ती वही मिटलीच नाही.

मग मी कॅमेऱ्याच्या मागे लागले.

ज्याला विचाराल तो सांगतो, डीएसएलआर घे. आपल्याकडे कुठलाही मोठा काळा कॅमेरा म्हणजे डीएसएलआरच असतो, जसं कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा. खरं तर त्या नावातला आर म्हणजे रिफ्लेक्स, आत बसवलेला आरसा, लेन्समधून आलेला उजेड तो वर वळवतो आणि आपल्याला व्ह्यूफाइंडरमधून खरंखुरं दृश्य दिसतं, बटण दाबलं की आरसा खटकन वर जातो. 2008 मध्ये पॅनासॉनिकने आरसाच काढून टाकलेला पण लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणला, 2018 मध्ये कॅनन आणि निकॉन दोघंही मोठ्या सेन्सरचे (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारी चिप) मिररलेस घेऊन आले आणि तेव्हापासून ओघ तिकडेच आहे. सेकंडहँड डीएसएलआर स्वस्तात मिळतात आणि चांगलेही असतात, पण त्याच्याबरोबर पक्ष्यांसाठी म्हणून जी लांब लेन्स लागते ती दोन किलोच्या आसपास जाते. थरथरणाऱ्या हातात दोन किलो मी देणार नव्हते, तो विषय तिथेच संपला.

उरले दोन प्रकार. एक ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स कायमची चिकटलेली, बदलता येत नाही, पण झूम प्रचंड. दुसरा मिररलेस, बॉडी वेगळी, लेन्स वेगळी. पहिल्यात मी निकॉनचा पी 950 धरला होता, दुसऱ्यात कॅननचा आर 10 आणि त्याला 100-400 ची हलकी लेन्स. दुसऱ्या जोडीची किंमत पहिल्याच्या दुपटीच्या आसपास जात होती, तेव्हा चुकून चालणार नव्हतं.

दुकानात गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, काका हा घ्या, त्र्याऐंशी पट जवळ दिसतं. बाबा गप्प राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "कशाच्या त्र्याऐंशी पट?" चाळीस वर्षं इंजिनं उघडून बसवलेल्या माणसाला असा मोकळा आकडा पचत नाही. घरी येऊन मी शोधलं. तो कॅमेरा सगळ्यात रुंद असताना 24 मिलिमीटरच्या लेन्सएवढं दाखवतो आणि सगळ्यात लांब गेल्यावर 2000 मिलिमीटरएवढं, आणि 2000 भागिले 24 म्हणजे त्र्याऐंशी. म्हणजे तो आकडा कॅमेऱ्याच्या स्वतःच्याच दोन टोकांमधला आहे, आपल्या डोळ्याशी त्याचा काही संबंध नाही. 50 मिलिमीटरची लेन्स साधारण डोळ्यासारखं दाखवते असं धरलं तर चाळीस पट. चाळीस पटही काही थोडं नाही म्हणा, बाबांची दुर्बीण आठ पट आहे.

मग मी त्यांना सेन्सर समजावला. ब्रिजचा सेन्सर साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीचा दाणा. मिररलेसचा 22.3 बाय 14.9, साधारण पोस्टाच्या छोट्या तिकिटाएवढा. क्षेत्रफळात जवळजवळ बारा पट फरक. आणि ते जे 2000 मिलिमीटर म्हणतात ती लेन्सची खरी लांबी (फोकल लांबी, नळीची नव्हे) नव्हेच, खरी 357 मिलिमीटर आहे, फक्त तिच्यामागे डाळीच्या दाण्याएवढा सेन्सर ठेवलाय त्यामुळे चित्राच्या मधला एवढासा तुकडाच घेतला जातो आणि तोच पूर्ण फोटो म्हणून आपल्यासमोर येतो. तिकडे मिररलेसची लेन्स 400 ची, म्हणजे खरी लांबी उलट जास्तच.

बाबांनी विचारलं, "बोअर किती?"

मला आधी कळलंच नाही. मग उमगलं, की त्यांना उजेड आत शिरायचं भोक किती मोठं ते हवंय, सिलिंडरचा बोअर विचारावा तसं. ते काढता येतं, लेन्सच्या लांबीला लेन्सवर लिहिलेल्या त्या एफ आकड्याने भागायचं. ब्रिज पूर्ण झूमवर एफ 6.5, म्हणून 357 भागिले 6.5, साधारण 55 मिलिमीटर. मिररलेस एफ 8, म्हणून 400 भागिले 8, बरोब्बर 50. बाबांनी पेपरच्या कोऱ्या कडेला पेनाने हे दोन्ही भागाकार केले आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "अगं, मग लांबच्या पक्ष्यावरून येणारा उजेड दोघांत सारखाच शिरतोय की."

मी किती व्हिडिओ बघितले होते, किती जणांना विचारलं होतं, प्रत्येकाने मोठा सेन्सर म्हणजे जास्त उजेड एवढंच सांगितलं होतं. ते खरंच आहे, पण पक्षी जवळ असतो आणि मोठ्या सेन्सरवर तो फ्रेमभर मावतो तेव्हा. लांबच्या, एवढ्याशा दिसणाऱ्या पक्ष्यासाठी तुम्ही शेवटी मोठ्या सेन्सरचाही मधला तुकडाच कापून वापरता, बाकीचा सेन्सर आभाळाचा आणि पाण्याचा फोटो काढत असतो. वजनं बघितली तर तीही तशीच, ब्रिज 1005 ग्रॅम आणि मिररलेस लेन्ससकट 1064. तोंड सारखं, वजन सारखं, आणि पोटात मात्र पूर्ण वेगळी यंत्रं.

बाबांचा पुढचा प्रश्न रास्त होता, की मग लांबच्या पक्ष्यावर ब्रिज जास्त बारकावे पकडेल का, त्याचे पिक्सेल तर जास्त दाट बसलेत. थोडेफार पकडतो, पण आकड्यांवरून वाटतं तेवढे नाही. उजेड भोकातून जाताना थोडा पसरतोच, एखादा बारीक ठिपकासुद्धा सेन्सरवर छोट्या वर्तुळासारखा पडतो. एफ 6.5 ला हे वर्तुळ साडेआठ-नऊ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतं आणि ब्रिजचा एक पिक्सेल दीड मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे एकच ठिपका ओळीने सहा पिक्सेल अडवून बसतो. ताकात पाणी घातलं की ताक वाढतं, लोणी वाढत नाही, तसं. सोळा मेगापिक्सेलचा फोटो येतो पण त्यातलं लोणी कमी असतं.

इथपर्यंत कागदावर झालं. पण कागदावरून कॅमेरा घ्यायला बाबा तयार नव्हते, गाडी रस्त्यावर काढल्याशिवाय कळत नाही म्हणाले. मग ब्रिज ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या नवऱ्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणला आणि मिररलेस शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेतला, आधार कार्डाची झेरॉक्स आणि डिपॉझिट देऊन. जानेवारीचा दुसरा आठवडा होता.

शनिवारी पहाटे कवडीला गेलो. सोलापूर रोडवर लोणी काळभोरच्या अलीकडे आत वळलं की मुळा-मुठेवरचा तो जुना बंधारा. पुण्याचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन नदी तिथे येते, पाण्यावर फेस असतो, वास असतो, प्लास्टिक अडकलेलं असतं, आणि तरीही हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, थापटे येतात, शेकाटे त्यांच्या गुलाबी काटकुळ्या पायांवर त्याच पाण्यात उभे असतात. हे मला कधीच सवयीचं झालेलं नाही, दर वेळी बघून पोटात कालवतं आणि दर वेळी त्यांनी यायचं थांबवलेलं नाही म्हणून बरंही वाटतं.

सकाळी सातला धुकं होतं, उजेड राखाडी. आणि कवड्या खंड्या, काळापांढरा, बाबा त्याला बंड्या म्हणतात, पाण्याच्या वर एका जागी पंख फडफडवत थांबलेला, हेलिकॉप्टरसारखा. मिररलेस माझ्या हातात होता. व्ह्यूफाइंडरमध्ये त्याच्याभोवती चौकट आली, ती चौकट त्याच्या डोळ्यावर जाऊन बसली आणि तो सुळकन खाली गेला तरी सुटली नाही. मी बटण दाबून धरलं, सेकंदाला पंधरा फोटो. एकात तो पाण्याबाहेर येतोय, चोचीत चांदीसारखा मासा, पंखांवरून पाण्याचे थेंब निसटतायत आणि प्रत्येक थेंब वेगळा मोजता येतो. उजेड कमी म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 3200 पर्यंत चढवलेला होता, तरी तो फोटो बघून माझ्या अंगावर काटा आला. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

ब्रिजने तोच पक्षी पकडायचा म्हणजे फार कठीण. या प्रकारचे कॅमेरे फोकस शोधायला लेन्स मागेपुढे सरकवून चित्र कुठे जास्त रेखीव होतंय ते बघतात, बसलेल्या पक्ष्याला ते पुरतं, पण पाण्यावर झेपावणाऱ्या बंड्याला तेवढी सवड नसते. शिवाय कमी उजेडात इतक्या लहान सेन्सरवर पिसांची नक्षी पुसट होते, पाण्यात भिजलेल्या चित्रासारखी. लांब झूमवर पक्षी चौकटीतून निसटला की परत सापडत नाही, त्यासाठी एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी मध्ये घ्यायचा आणि बटण सोडायचं. बाबांना ते बटण फार आवडलं, आणि गोल चकतीवर पक्ष्याचं छोटं चित्र आहे तेही. पण शनिवार संध्याकाळी मला विचारलं असतं तर मी मिररलेस घेऊन मोकळी झाले असते.

रविवारी भिगवण. पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, उजनीचं बॅकवॉटर. भीमेवरचं हे धरण 1980 ला पूर्ण झालं, गावं उठली, शेतं पाण्याखाली गेली, आणि त्या उथळ गाळात किडे-मासे वाढले तसे पक्षी यायला लागले. आज कुंभारगावचे मासेमारच हिवाळ्यात पक्षी दाखवायला नावा काढतात, आणि त्यांना पक्ष्यांची इंग्रजी-मराठी नावं, सवयी, कुठला थवा काल कुठे होता, सगळं तोंडपाठ असतं.

फ्लेमिंगो लांब होते, पाण्याच्या पलीकडच्या कडेला एक गुलाबी रेघ. आमच्या नावाड्याने इंजिन बंद केलं आणि विचारलं, अजून जवळ नेऊ का? शेजारून एक नाव थेट थव्याकडे गेली होती, त्यातले लोक उभे राहून फोन धरून होते, आणि रेघेचं एक टोक उठायला लागलं होतं. बाबा म्हणाले, "नको दादा, इथंच धरा. खाऊ द्या त्यांना." मला हे मनापासून पटतं. उथळ पाण्यात मान उलटी घालून दिवसभर गाळत राहायचं तेव्हा कुठे त्यांचं पोट भरतं, प्रत्येक उड्डाण म्हणजे खाल्लेलं वाया जाणं. लांबून दिसणारा कॅमेरा असेल तर जवळ जायची ओढच कमी होते, आणि हा मुद्दा मला एकाही तुलनेच्या व्हिडिओत ऐकू आला नव्हता.

परत येताना ते झालं. मासेमारांनी जाळ्यासाठी पाण्यात रोवलेल्या एका खांबावर कोणीतरी बसलं होतं. दीडेकशे मीटर तरी लांब. शिकारी पक्षी एवढं कळत होतं. बाबांनी सवयीने दुर्बीण उचलली, डोळ्याला लावली, आणि मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, की त्यांनी ओठ आवळले. हलणारी नाव आणि हलणारे हात.

"खांबावर कोण बसलंय?" त्यांनी मला विचारलं. सोळा वर्षं हा प्रश्न मी त्यांना विचारत आले होते.

मी मिररलेसने फोटो काढला. स्क्रीनवर बघितलं तर खांब, आणि त्यावर गव्हाच्या दाण्याएवढा पक्षी. मोठं करून बघितला, उन्हात स्क्रीन नीट दिसेना, बाबांना चष्मा बदलावा लागला, तोपर्यंत त्यांनी मान हलवून राहू दे म्हटलं. मग मी ब्रिज त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही कोपरं नावेच्या काठावर टेकवली, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि झूमचं बटण दाबलं. मोटर हळू गुणगुणत लेन्स बाहेर आली. आतली स्थिर ठेवणारी यंत्रणा हाताची थरथर बरीच शोषून घेते, चित्र पूर्ण थांबत नाही पण पोहतं, संथ. बाबा कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत.

मग म्हणाले, "डोकं पांढरं. डोळ्यातून काळी पट्टी मागं गेलीय. पायाखाली मासा आहे, शेपटी हलतीय अजून त्याची. ऑस्प्रे आहे गं. ऑस्प्रे!"

नावाडी हसला आणि म्हणाला, हो काका, रोज सकाळी याच खांबावर बसतो.

दहानंतर पाण्यावरची हवा तापली आणि दोन्ही कॅमेऱ्यांत लांबचं सगळं लहरी मारायला लागलं, डांबरी रस्त्यावर दुपारी दिसतं तसं. तिथे कुठलाच कॅमेरा काही करू शकत नाही, कितीही पैसे घाला, मधली हवाच हलत असते. आम्ही काठावर येऊन कुंभारगावात मासे-भाकरी खाल्ली आणि निघालो.

रात्री मी दोन्ही कार्डं लॅपटॉपला लावली. ऑस्प्रेचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, मिररलेसचा कापून मोठा केलेला आणि ब्रिजचा जसाच्या तसा. पेपरच्या कडेवर बाबांनी केलेला भागाकार तिथे डोळ्यांसमोर होता, दोन्हीत डोळ्याची पट्टी दिसत होती, दोन्हीत मासा होता, ब्रिजमध्ये किंचित जास्त, मिररलेसमध्ये रंग जास्त खरे. नाव ओळखायला कुठलाही पुरला असता. पण बाबा लॅपटॉपसमोर बसत नाहीत. त्यांना पक्षी तिथे, त्याच वेळी, तो खांबावर बसलेला असताना ओळखायचा असतो, म्हणजे मग पुढचा अर्धा तास त्याला नावाने बघता येतं. घरी येऊन कळलेलं नाव त्यांच्यासाठी निकालाच्या दिवशी पेपरात बघितलेल्या नंबरासारखं आहे, आनंद होतो पण परीक्षा संपलेली असते. मी मात्र घरी बघणारी आहे. मला रात्री दिवे मालवून बंड्याच्या पंखावरचा एकेक थेंब बघायचा असतो. हे इतकं सरळ होतं आणि मी दोन महिने सेन्सरचे आकडे पाठ करत होते, तो कॅमेरा कधी बघणार आहे आणि कोण बघणार आहे हे स्वतःला विचारलंच नव्हतं.

ब्रिज घेतला. बाबांनी बिल स्वतःच्या पेन्शनमधून दिलं, मला एक रुपया देऊ दिला नाही, त्यावर आमचं दुकानातच थोडं झालं. उरलेल्या पैशांत एक हलकी मोनोपॉड काठी घेतली, कारण पूर्ण झूमवर उभ्याने नुसत्या हातात धरायचा नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलंय. पावसाळ्यासाठी आईचा घट्ट झाकणाचा लाडवांचा डबा मागून घेतलाय, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवायचा. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरतं, आणि चिकटलेल्या लेन्सचा कॅमेरा उघडून साफ करणं मोठं काम होऊन बसतं. आईने डबा दिला पण झाकणावर नाव घालून दिलंय, परत हवा म्हणून.

वहीत आता एक नवा रकाना आलाय, फोटो क्रमांक. जानेवारीच्या पानावर ऑस्प्रेसमोर "खांबावर, माशासह, स्वतः पाहिला" असं लिहिलंय आणि "स्वतः" खाली रेघ आहे. फेब्रुवारीत दोनच प्रश्नचिन्हं होती. त्यातलं एक मी बघितलं, झाडीत बसलेला काहीतरी तपकिरी छोटा पक्षी, फोटो आहे पण उजेड नव्हता, सगळं पुसट. बाबा म्हणाले असू दे, ते राहू दे तसंच.

जूनमध्ये नवरंग येतात. दाट झाडीत, खाली पाचोळ्यात, पावसाळी अंधारात उड्या मारत फिरतात, आणि तिथे डाळीच्या दाण्याएवढा सेन्सर काय करणार ते मला माहितीये. तेव्हा मिररलेस परत भाड्याने आणायचा असं आमचं ठरलंय, दोन दिवसांसाठी, या वेळी जास्त उजेड घेणारी लेन्स लावून. त्या दोन दिवसांचं डिपॉझिट मी आत्तापासून बाजूला ठेवलंय.